मधल्या दाराचा आवाज

जालन्यातल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बसून मी समोरच्या माणसाला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारत होतो. जहाजावरच्या दोन केबिनींच्या मधे जे दार असतं, त्यातून आवाज किती येतो?

माणूस सभ्य होता. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवून नकाशा दाखवला. शेजारीशेजारी दोन खोल्या, दोन्हींना बाहेरच्या बोळात उघडणारं आपापलं दार, आणि मधल्या भिंतीत आणखी एक दार. दोन्हीकडं घरचीच माणसं असली की हे मधलं दार उघडून देतात, म्हणजे येण्याजाण्यासाठी बोळात जावं लागत नाही. "सोय लई भारी आहे साहेब," तो म्हणाला, "पण दार म्हणजे काही भिंत न्हाई. टीव्ही मोठा केला की पलीकडं कळतंच. बरोबर लहान लेकरं आहेत का?"

"नाही."

"मंग आवाज कोणाचा?"

मी सांगितलं की माझी झोप फार सावध आहे, जरा खुट्ट झालं की मला जाग येते. हे साफ खोटं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवर बसल्याबसल्या घोरतो, अशी माझ्या बायकोची जुनी तक्रार आहे. आवाज माझ्या आई-बापांचा होता, आणि ते त्या परक्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. आता लाज वाटते ती त्या लाजेची, पण ते पुढं येईल.

माझं औषधाचं दुकान आहे. माणसं येऊन मूळव्याधीचं, गजकर्णाचं, नको त्या दुखण्यांचं औषध मागतात तेव्हा ते शेजारच्या गिऱ्हाईकाला कळू नये एवढीच त्यांची इच्छा असते, आणि माझ्या दुकानात ते कळत नाही. मी हळू बोलतो. हे हळू बोलणं म्हणजे आपण मिळवलेली सभ्यता आहे, असं मी मनाशी धरून चाललो होतो. ती मिळवावी लागली, कारण घरातून ती मिळण्यासारखी नव्हती.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उमेदीची सगळी वर्षं जाफराबादच्या बाहेरच्या एका जिनिंगमध्ये काढली. सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं लांबच लांब शेडमध्ये ओळीनं चालायची, आणि त्या धडधडीत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही कानावर पडायचं नाही. दादांचे कान तिथं गेले. एकदम नाही, एकेका हंगामाला थोडे थोडे. मी शाळेत जायला लागलो तोवर आमच्या घरात ओरडून बोलायची रीत पडून गेली होती. दादा ओरडायचे, कारण स्वतःचं बोलणंच त्यांना ऐकू यायचं नाही. माय ओरडायची, कारण त्याशिवाय दादांपर्यंत काही पोचायचं नाही. आमच्याकडं खासगी असं काही नव्हतंच. मी गणितात नापास झालो ते गल्लीला त्याच दिवशी कळलं. दादांचं पोट साफ झालं की नाही, हे तर रोज सकाळी अर्ध्या गावाला समजायचं.

मी लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाची गोष्ट घरात अजून निघते. बैठकीत सगळे पोहे खात होते. दादा मायच्या कानाशी वाकले आणि त्यांच्या समजुतीनं कुजबुजले, "पोरगी चांगली हाये. बाप जरा चिकट दिसून राह्यला." सगळ्यांचे चमचे हातातच राहिले. चिकट बाप समोरच बसला होता. मला दरदरून घाम फुटला. पण आतल्या दाराशी उभी असलेली ती मुलगी तोंडाला ओढणी लावून हसत होती. लग्नानंतर तिनं मला सांगितलं की होकार द्यायचं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. या घरात आपल्या पाठीमागं कोणी काही बोलणार नाही, जे असेल ते तोंडावर कळेल, असं तिला वाटलं. ज्या गोष्टीनं मी घामाघूम झालो त्याच गोष्टीवर ती खूश झाली होती. मी ते हसण्यावारी नेलं.

जिनमधली माणसं मात्र ओरडत नसत. तिथं ओरडून उपयोगच नव्हता, म्हणून ती हातांनी बोलायची. पट्टा निसटला की हवेत एक फटकारा, पाणी हवं असलं की अंगठा ओठाकडं, घरी आजारपण असलं की गालाखाली तळवा. आणि शेडच्या दारातून मुकादम आत येताना दिसला की ज्याला तो आधी दिसे तो वरच्या ओठावरून दोन बोटं फिरवी. मुकादमाला झुपकेदार मिशी होती. ती खूण दिसली की हसणं-खिदळणं बंद, सगळ्यांच्या माना खाली. माय दुपारी दादांचा डबा घेऊन जायची आणि तिला शेडच्या तोंडाशी उभं राहून हातांनीच बोलावं लागायचं. असं करता करता तिनंही ती भाषा उचलली. शाळेला सुट्टी असली की ती मला बरोबर न्यायची. मला त्यातली फक्त मिशीची खूण आली, कारण ती गमतीची होती. बाकीच्या शिकायला मी कधी थांबलो नाही. जिन पुढं बंद पडलं, आणि त्या खुणाही तिथंच राहिल्या, असं मी समजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात दादांना शेतात चक्कर आली आणि ते बांधावरून पडले. फार लागलं नाही, पण डॉक्टर म्हणाले की आता दोघांनी गावाकडं एकटं राहू नये. बायकोनं लगेच ठरवून टाकलं. दोघांना कायमचं जालन्याला, आमच्या फ्लॅटवर आणायचं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पण माझ्या डोक्यात खालच्या मजल्यावरचे गुरुजी होते. मागं माय-दादा महिनाभर राहायला आले होते, तेव्हा गुरुजींनी मला जिन्यात थांबवून अगदी काळजीच्या सुरात विचारलं होतं, "तुमच्याकडं काही भांडणबिंडण चालू आहे का?" भांडण नव्हतं. माय दादांना विचारत होती की वरणात मीठ बराबर आहे का.

जहाज ही बायकोची युक्ती. मायला समुद्र बघायचा होता. मुंबईहून निघून गोव्याच्या बाजूला जाऊन परत येणारं मोठं जहाज असतं, त्यावर चौघांनी मजेत दोन-तीन दिवस काढायचे आणि तिथंच सवडीनं विषय काढायचा, असं तिच्या मनात होतं. घरी विचारलं तर दोघं सोयाबीनचं, म्हशीचं काहीतरी कारण सांगून उठून जातील. ते नाही म्हणतील अशी तिला भीती होती. ते हो म्हणतील अशी मला.

मधल्या दाराचा हट्टही तिचाच. मायला ती आत्याबाई म्हणते. "दादांना बाथरूममध्ये चक्कर आली तर आत्याबाई बोळात आपलं दार शोधत फिरणार का?" मी ऑफिसातल्या त्या माणसाकडून वेगळ्या मजल्यावरची केबिन आहे का, तेही विचारून घेतलं होतं. होती. फोनवर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आपण त्यांना घेऊन चाललोय की चुकवून?" मग मी मधल्या दारासकट दोन केबिनी घेतल्या आणि घरी येऊन विषय बदलला.

जहाज निघायच्या आधी सगळ्यांना एका दालनात जमवून, बुडायची वेळ आलीच तर तरंगायचं जाकीट कसं घालायचं ते दाखवतात. तेव्हा भोंगा वाजला. पायाखालची फरशी थरथरली, लोकांनी कानांवर हात ठेवले, आणि दादांचा चेहरा उजळला. भोंगा थांबल्यावर ते मायला म्हणाले, "अगं, मला ऐकू आला. बिलकुल जिनच्या भोंग्यावानी." हे दालनातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं. लोक हसले. ते चांगलं हसणं होतं, हे मला आता आठवताना कळतं. तेव्हा मी जाकिटाचे पट्टे बांधायच्या निमित्तानं मान खाली घातली.

खोल्या छान होत्या. मधलं दार आमच्यासाठी उघडून दिलेलं होतं आणि आम्ही ते नुसतं लोटून ठेवलं होतं. दार पातळ होतं. दुपारी जेवून आम्ही जरा आडवे झालो आणि पलीकडून सगळं सुरू झालं.

"अव्हो, साबन बघा, केवढूसा दिला."

"काय?"

"साबन. साबन म्हन्ते मी."

"खर्चा वाचवून राह्यले."

मग टीव्ही लागला, तो ज्या आवाजात दादांना ऐकू येतो त्या आवाजात. टीव्हीवरून बोलायचं म्हणून दोघं आणखी वर चढले. संडासातलं पाणी सोडायचं बटण कुठं आहे याची चर्चा बरीच लांबली. मी छताकडं बघत पडलो होतो. तेवढ्यात बोळाकडच्या दारावर कोणी टकटक केली. माय-दादांच्याही पलीकडच्या खोलीतल्या एक बाई होत्या. त्यांनी हिंदीत, अगदी अदबीनं विचारलं की बाजूच्या काका-काकूंना काही त्रास होतोय का, कोणाला बोलवायचं का. मी नाही म्हणालो, माफी मागितली. माफी मागताना मी डोळे मिटून मान हलवली, म्हणजे "काय करणार, सांभाळून घेतो आहोत" असं. ती मान हलवलेली मला विसरता येत नाही.

मी मधल्या दारातून त्यांच्याकडं गेलो. टीव्हीचं बटण सापडेना म्हणून खिशातला चष्मा काढून डोळ्यांना लावून बघितलं, टीव्ही बंद केला आणि दादांना म्हणालो, "हळू बोला ना जरा. लोक झोपलेत."

"हळूच बोलून राह्यलो की," दादा म्हणाले, आणि ते बोळातल्या सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

मी परत येऊन दार लोटलं. बायको कपडे कपाटात लावत होती. माझा ताबा सुटला. सुटला म्हणजे आवाज चढला नाही. माझा तो कधी चढत नाही. दुकानात बोलतो तसाच बोललो.

"इथं एक दुपार काढवत नाही मला यांच्याबरोबर. जन्मभर कसे ठेवायचे? सोसायटीत मान वर करून चालता येणार नाही."

"हळू," बायको दाराकडं बघून म्हणाली.

"कोणाला ऐकू जाणार आहे? दोघंही ठार बहिरे आहेत," मी म्हणालो. "तू विषय काढू नकोस. गावाकडंच बरे आहेत ते. तिथं दिवसभर ओरडले तरी कोणाचं काय जातंय? सोबतीला एखादी बाई ठेवू. पण घरात नको. मला त्यांची लाज वाटते, आता खरं ऐकायचंच असेल तर."

 हातातल्या सदऱ्याची बायकोनं पुन्हा एकदा घडी घातली. पलीकडं शांत होतं. टीव्ही मीच तर बंद करून आलो होतो.

जरा वेळानं मला मोबाईलवर काही वाचायचं होतं. मी खिसे चाचपले, उशीखाली बघितलं. "माझा चष्मा कुठं ठेवलास?" मी बायकोला विचारलं, त्याच आवाजात.

तिनं मान वर करायच्या आत मधल्या दारावर बोटाचा हलका आवाज झाला. दार उघडलं. माय उभी होती, हातात माझा चष्मा.

"हा घे, बाबा," ती म्हणाली. "आमच्याकडं ठेवून गेल्तास."

हे तिनं इतकं हळू म्हटलं की ती बोलली की नुसते ओठ हलले, असा मला क्षणभर प्रश्न पडला. बारीक, जरासा घोगरा आवाज होता. मला तो ओळखीचा नव्हता. मी चष्मा घेतला. तिनं दार लावून घेतलं, तेही आवाज न करता.

मी तो चष्मा हातात धरून तसाच उभा राहिलो. चष्म्याचं जिला ऐकू गेलं तिला आधीचंही सगळं ऐकू गेलं होतं. 'ठार बहिरे'पासून 'लाज वाटते'पर्यंत.  मला वाटलं, पलंगाखाली जाऊन बसावं, आणि तेही एवढ्या वयाच्या माणसाला शोभत नाही म्हणून मी पलंगावर बसलो.

"तिला ऐकू येतं," मी बायकोला म्हणालो.

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी जणू जहाज पाण्यावर चालतं असं तिला सांगितलं होतं. "आत्याबाईंना? त्यांना मांजर दुधाला तोंड लावतं ते अंगणातून ऐकू येतं. स्वयंपाकघरात माझ्याशी त्या हळूच बोलतात की. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. औषधं विकणारा माणूस मी, लोकांचे कान, घसे, पाय यांच्या चौकशा करणारा, आणि मायच्या कानांना काही झालेलं नाही हे मला कळलं नव्हतं. मी घरात असलो की दादाही तिथंच असायचे. दादा असताना, त्यांना कळणार नाही असं काही बोलायचं नाही, ही तिची रीत होती. माझ्याशी बोलायची तेही त्यांना ऐकू जाईल असंच बोलायची. त्यांनी नुसतं तोंडाकडं बघत बसू नये म्हणून ती एवढी वर्षं घसा ताणत आली होती, आणि मी ते बहिरेपण समजत होतो.

संध्याकाळी जेवणाच्या दालनात आम्ही चौघं एका टेबलाशी बसलो. आजूबाजूला माणसं होती. दादांनी ताटात बघून विचारलं, "हे काय हाये?" आणि नेहमीसारखी मायकडं मान वळवली.

माय ओरडली नाही. ती हळूच म्हणाली, "वांग्याचं हाये."

"काय म्हन्तीस?"

ती पुन्हा तेवढ्याच हळू बोलली. दादांनी तिच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. त्यांना वाटलं असावं की आता राहिलेले कानही गेले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली, आणि ती मी पाहिली. मी तिथंच मोठ्यानं "वांगं" म्हणालो असतो तर सगळं तिथंच निवळलं असतं. एक शब्द. शेजारच्या टेबलावर दुपारच्या त्या बाई बसल्या होत्या. मी पाण्याचा ग्लास उचलला.

मग मायनं चमचा खाली ठेवला आणि टेबलाच्या कडेशी हात हलवले. मुठीत धरून काहीतरी खुडल्यासारखं केलं, मग बोटांनी देठ दाखवला. दादा बघत राहिले. किती वर्षांनी बघत होते कोणास ठाऊक. आणि मग ते हसले, आणि त्यांचेही हात वर आले. आधी अडखळत, मग भराभर. ताटावरून दोघांचे हात चालायला लागले. माय कशावर तरी खांदे हलवून हसली. दादांनी दालनातल्या एका जाड माणसाकडं बघून एक खूण केली आणि तिनं त्यांच्या मनगटावर चापट मारली.

आवाज काहीच नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाई कौतुकानं बघत होत्या. मी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात जे मागत होतो तेच मला मिळालं होतं. माझे आई-बाप माझ्यासमोर बसून बोलत होते आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. जन्मापासून त्या दोघांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. लपवणं त्यांना जमण्यासारखंच नव्हतं. त्यांच्या भांडणापासून माझ्या काळजीपर्यंत सगळं मी आतल्या खोलीतून ऐकत मोठा झालो होतो, आणि त्याला मी गोंगाट म्हणत होतो.

खोलीत आल्यावर मी बायकोला म्हणालो, "आता तू विचार त्यांना, आपल्याकडं राहायचं."

"मी नाही," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात विषय काढू नको. आता काढायचा तर तुम्ही काढा. आणि दादांना ऐकू जाईल असा काढा. आत्याबाईंकडून निरोप द्यायचा नाही." एवढं बोलून ती तोंड धुवायला गेली. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. मी दाराला कान लावून बघितलं, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी माय कठड्याशी एकटीच उभी दिसली. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. "माय, काल दुपारी तू काही ऐकलंस का?"

ती पाण्याकडं बघत होती. "काय ऐकायचं व्हतं?" तिनं त्या बारीक आवाजात विचारलं. "माझा तर डोळाच लागल्ता."

"माय..."

"किती पानी हाये रे," ती म्हणाली. "आन् एक घोट पिता येत न्हाई."

तिनं मला माफी मागायला जागाच ठेवली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. राग मला सोसला असता. हे तिचं मला सांभाळून घेणं सोसत नव्हतं. मी तिच्याजवळ थोडा वेळ उभा राहिलो आणि गार वाटतंय असं सांगून आत गेलो.

जहाज परतीला लागलं त्या सकाळी मी मनाशी पक्कं केलं. दोघं वरच्या डेकवर खुर्च्यांत बसली होती. आजूबाजूच्या खुर्च्या भरलेल्या होत्या, लोक ऊन खात होते. मी दोघांसाठी चहा घेतला आणि निघालो. लांबूनच मला त्यांचे हात दिसले. दादा काहीतरी रंगवून सांगत होते, दोन्ही हात हवेत, आणि माय तोंडावर पदर धरून हसत होती. एवढं मोकळं हसताना मी तिला कधी बघितलं होतं ते मला आठवेना.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिनं दादांकडं बघितलं आणि वरच्या ओठावरून दोन बोटं फिरवली.

दादांचे हात खाली आले. त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि समुद्राकडं बघायला लागले.

सगळ्या खुणांतली तेवढी एकच मला येत होती.  मी चालत राहिलो, कारण थांबून करणार काय? त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"दादा," मी म्हणालो, "आता गावाकडं राहायचं नाही. जालन्याला आमच्याकडंच राहायचं. मला तुम्ही दोघं घरात पाहिजेत."

मनात हे मी ओरडून म्हणत होतो. तोंडातून आलं ते दुकानातल्या आवाजात. वाऱ्यानं त्यातलंही अर्धं नेलं. दादांनी माझ्या ओठांकडं बघितलं, मग मायकडं बघून हनुवटी उडवली, म्हणजे काय म्हणतो हा?

मायनं लगेच सांगितलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. ती थांबली होती, मला पुरेपूर कळत होतं. पुन्हा म्हण, मोठ्यानं म्हण, त्यांना ऐकू जाऊ दे. शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं पेपर खाली केला होता. मी तोंड उघडलं. मला वाटतं मी नुसता खाकरलो.

मग मायनं मांडीवरच्या मांडीवर हात हलवले. थोडंसंच. दादांनी मान डोलावली, माझ्याकडं वर बघितलं आणि सबंध डेकला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, "न्हाई रे बाबा. तुमच्याकडं लई शांत असतं. आम्हाला करमायचं न्हाई."

लोक वळून बघायला लागले. कोणीतरी हसलं. मायनं त्यांना खुणेनं नेमकं काय सांगितलं होतं, ते मला कळलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. मी दोघांच्या हातात कप दिले आणि "बरं" म्हणालो. तेही हळूच म्हणालो, त्यामुळं दादांना ते ऐकू गेलं नाही.